लेखिकेच्या रकान्यात

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

कोलशेतच्या ओट्यावर गोदूबाई जवळा निवडत बसलेल्या, समोर मी वही उघडून. शेहेचाळीस वर्षं झाली! त्या धवलारीण – आगऱ्यांच्या हळदीत धवले गाणाऱ्या. एक ओळ गायच्या, थांबायच्या. "लिवलंस गो?" मी कॉन्व्हेंटमधली, धवला हा शब्दच नवा. चार उन्हाळ्यांत सात वह्या भरल्या. "माजे नातीचे हलदीला कामास येतील," म्हणायच्या. त्यांचा मुलगा उत्तम तेव्हा पाचवीत!

ती नात म्हणजे उत्तमची ऐश्वर्या. फेसबुकवरून मला शोधलंन. हळद बावीसला. गोदूबाई आठ वर्षांपूर्वी गेल्या, धवले आता घरात कोणालाच पुरते येत नाहीत. वह्या मी ठाण्याच्या संग्रहालयाला दिल्या होत्या – जपतील म्हणून. आज ती पाहायला गेली, तर दाखवल्या नाहीत! लेखकाची परवानगी आणा म्हणे.

"आजीची सही कुठून आणू, मावशी?"

१३ फेब्रुवारी

स्वतः गेले. सलिल नावाचा अधिकारी, भाच्याच्या वयाचा.

"मॅडम, अप्रकाशित साहित्य. उद्या कोणी यूट्यूबवर टाकलं, कॉपीराइटची केस झाली, तर रिस्क कोणाची?"

"अहो, त्यांच्याच आजीची गाणी!"

"तसं कागदावर दिसायला हवं ना. सोमवारी फाईल काढतो."

कुलपात ठेवणं म्हणजे जपणं का? गाणं आहे ते, लोणचं नव्हे! डोंबिवलीला घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते.

१७ फेब्रुवारी

फाईल निघाली. १९९८चा देणगी-फॉर्म. लेखिका – माझं नाव. माझंच अक्षर, सिस्टर शाबासकी द्यायच्या तसं वळणदार. खाली अट – 'लेखिकेच्या लेखी परवानगीशिवाय कोणासही दाखवू नये.' तीही मीच घातलेली! कोणी माझं काम ढापू नये म्हणून. गोदूबाईंचं नाव कुठेच नाही. लिहिलं मी, म्हणजे लेखिका मी – इतकं सरळ वाटलं होतं तेव्हा.

सलिल हसला. "मग प्रश्नच मिटला, मॅडम! लेखिका म्हणून सही करा."

नाही केली. तशीच उठून आले. संध्याकाळभर त्यालाच शिव्या घातल्या. त्याचं काय चुकलं?

१८ फेब्रुवारी

ऐश्वर्याचा फोन. "मावशी, नाव मागाहून बदला. हळद शनिवारी आहे!"

१९ फेब्रुवारी

सही केली. फाईल मिटताना खालचा कागद दिसला. २०११चा अर्ज, उत्तमच्या अक्षरात – 'आईला धवले आठवेनासे झालेत. तिला वह्या वाचून दाखवायच्या आहेत.' खाली गोदूबाईंचा अंगठा. वर लाल शाईत – लेखिकेची परवानगी नाही. नामंजूर.

घोडबंदर रोडचं घर सोडून इकडे डोंबिवलीला आले, तेव्हा त्यांना पत्तासुद्धा कळवला नव्हता मी.

२० फेब्रुवारी

सातही वह्यांच्या झेरॉक्स ऐश्वर्याला – आजच पोचवल्या. माझ्या नावावर लागलेले सगळे हक्क उत्तमला. कागद वकिलाकडे आहे. मूळ वह्या संग्रहालयातच राहू देत, गोदूबाईंच्या नावाने, मागेल त्याला दाखवाव्यात.

मला त्या अर्जाची प्रत. अंगठ्यासकट.