झाकलेला चहा

आक्का,

गिटारचा ॲम्प बदलून आणायला कोल्हापूरला चाललोय. घरात चार माग खडखडत होते तेव्हा त्यावर ऐकू यावा म्हणून पंधरा वॅटचा, आत काचेच्या ट्यूब तापणारा, ट्यूबवाला घेतलेला. आप्पा गेले, माग विकले, आता एक वॅट पण लई होतंय.

दुकानदार म्हणतोय, बिनट्यूबचा घे, अजिबात घुमत न्हाय. पण मी ट्यूबवालाच आणणार. का ते आईसमोर विचारू नको.

मागच्या रविवारी ॲम्प नुसता तापत ठेवलेला, गिटार जोडलीच नव्हती. माग सुरू करायच्या आधी आप्पा रिकामी मोटर फिरवायचे, तसाच तो घुमतो. आई आतनं चहा घेऊन आली. आप्पांचा माग होता त्या कोपऱ्यात कप ठेवला, माग चालायचे तेव्हा उडता कापूस पडू नये म्हणून झाकायची, तशी वर बशी झाकली आणि गेली. माझ्याकडं बघितलं पण न्हाय.

तो चहा मी प्यालो. तेव्हापासनं रोज चारला ॲम्प तापत ठेवतोय, ती कप ठेवती, मी पितोय.

आज चारच्या चहाला मी नसणार. ॲम्प नसला तरी ती आता सवयीनं कप ठेवणार. तेवढा तू पी. भरलेला कप तिला परत उचलायला लागू नये.

सुहास