शेवटचे तीन पेपर

रविवार, ५ मार्च

माझ्या लाडक्या माऊ,

तुला आणि तुझ्या पोटात लाथा झाडणाऱ्या त्या चळवळ्या जिवाला खूप खूप आशीर्वाद. पायांची सूज उतरली का? झोपताना पाय उंचावर ठेव. जावईबापूंना म्हणावं, सासूचा हुकूम आहे.

इकडे सगळं ठीक. बाबांनी दुकानाला नवी पाटी लावलीय, 'सर्व प्रकारची घड्याळे दुरुस्त करून मिळतील'. पाटीखालचं त्यांचं स्वतःचं घड्याळ मात्र बंद.

माझ्या कॉलेजचंही बरं चाललंय. तू विचारतेस ना, "आई, तुझा टाइमपास काय म्हणतो?" तर टाइमपास आता तिसऱ्या वर्षाला आहे. ध्वनिशास्त्राच्या तासाला कळलं, इंग्रजीत दोन वेगळे 'व' असतात. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. आरशासमोर सराव करत होते, तर बाबा दारातून म्हणाले, "माझं काही चुकलं का? कधीची वेडावतेयस मला!"

वर्गातली पोरं आधी मला काकू म्हणायची. आता नुसतं 'अगं' म्हणतात. बरं वाटतं.

परवा कादंबरीचा तास होता. त्यातली बाई मुलं टाकून निघून जाते. पोरं तिच्यावर तुटून पडली. स्वार्थी काय, निर्दयी काय. आमच्या शिकवणाऱ्या बाई वयानं तुझ्याएवढ्याच आहेत. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" वर्गात आजवर मी इंग्रजीत अवाक्षर काढलं नव्हतं. उभी राहिले. म्हटलं, ती गेली ते चूकच. पण जायच्या आधी कितीतरी पानं ती रोज दुपारी पुस्तक उघडते, आणि कुणी ना कुणी हाक मारतं म्हणून मिटते. ती पानं तुम्ही वाचलीच नाहीत का? व्याकरणाचं पार भजं झालं, तरी बोलत राहिले. खाली बसले तेव्हा शेजारची पोरगी हळूच म्हणाली, "अगं, तू रडतेयस."

माऊ, मी इकडचं तिकडचं लिहीत बसलेय, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल.

परीक्षेचं वेळापत्रक लागलंय. शेवटचे तीन पेपर नेमके डॉक्टरांनी तुला दिलेल्या तारखेच्या आठवड्यात. तू फोन केलास तेव्हा मी "येणार म्हणजे येणारच" म्हणून मोकळी झाले होते. तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. म्हणून फोन नाही, पत्र.

मी बॅगसुद्धा काढली होती. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, राहिलेले पेपर पुढच्या वर्षी देता येतील. घरी येऊन बाबांना तेच सांगितलं, "पुढच्या वर्षी देईन." ते डोळ्याला भिंग लावून कुणाचंतरी घड्याळ उघडून बसले होते. हातातला चिमटा खाली ठेवला.

"मागे एकदा मीच म्हणालो होतो, पुढच्या वर्षी दे," ते म्हणाले. "ते पुढचं वर्ष आलंच नाही. आता परत नको."

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या वेळी मी याच अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला होते. परीक्षा आणि तू एकदमच आलात. मी तुला घेतलं. सांगितलं नाही, कारण तुला ते उपकारासारखं वाटलं असतं. उपकार नव्हता गं. तुझी एवढीशी मूठ माझ्या बोटाभोवती, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. पण पुस्तकं रद्दीत गेली त्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडून मी रडले, तेही खरं. दोन्ही खरं.

तर बाबा येताहेत. तारखेच्या बरेच आधी. भात न करपवता करायला शिकलेत. दुपट्यात उशी गुंडाळून सराव चाललाय. "जन्मभर चिमट्यानं मुंगीएवढे स्क्रू उचलले, बाळ काय पडणार आहे हातून?" म्हणतात. उशी दोनदा पडली, पण मी सांगितलं असं म्हणू नकोस.

शेवटचा पेपर देऊन मी तशीच स्टेशन गाठणार, तिकीट काढलंय. पण कळा सुरू होतील तेव्हा मी तुझ्या उशाशी नसेन. हे एक वाक्य लिहायला सकाळची संध्याकाळ झाली.

तू रागाव. फुगून बस. हक्कच आहे तुझा. "आई, आत्ताच ये" म्हणालीस, तर मी सगळं टाकून येईन, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणूनच पहिल्यांदा तुझ्याकडे काही मागतेय, माऊ. एवढं म्हणू नकोस.

तुझीच, आणि थोडीशी माझीही,
आई