तिरक्या अक्षरांची पत्रिका

आबा,

मी गेली काही वर्षं काढत बसलेली तिरकी इंग्रजी अक्षरं एका प्रकाशकानं घेतली. पुस्तकांची नावं आणि मजकुरातली अवतरणं त्यात छापणार आहेत. अख्खं पान त्यात लावायचं नाही, डोळे शिणतात, हे मी तुमच्याकडूनच शिकले. बारामतीच्या आपल्या छापखान्यात त्या वळणाचे शिशाचे अक्षरखिळे तुम्ही फक्त पत्रिकेवरच्या नवरानवरीच्या इंग्रजीतल्या नावांसाठी काढायचात.

माझ्या पत्रिकेलाही तेच लावलेत. गठ्ठे बांधून झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कळस गावाहून माझे होणारे सासरे मुलाला घेऊन हजर. दारातच उभे राहिले, हातात पत्रिका. "नावं पडल्यागत दिसत्यात. शुभकार्याला असली अक्षरं आमाला चालायची न्हाईत. सरळ छापून द्या." तुम्ही मशीन थांबवलंत. आई चहा घेऊन आतल्या दाराशी थबकली. तुम्ही हात पुसलेत आणि दोन छापील कागद, एक सरळ अक्षरांचा आणि एक तिरक्या, त्यांच्यापुढं धरलेत. "पाव्हणं, सरळ अक्षर नुसतं ढकललं तर पडल्यागत दिसतं. हे तसं न्हाय. ह्यो इंग्रजी ए बघा, ह्याच्या डोक्यावरची आकडी काढलीय. खाली बारीक शेपूट हाय, ती फुडच्या अक्षराकडं जाती. हातानं लिवल्यागत."

"ते मला नका सांगू. बदलणार का आमी परत इचार करू?"

आईनं चहा खाली ठेवला. तुम्ही माझ्याकडं वळलात. "नाव तुझं हाय. तू बोल." मी म्हणाले, "हीच राहू द्या." नवरामुलगा मोटारसायकलची किल्ली बोटांत फिरवत खाली बघत होता. मला वाटलं, मोडलं लग्न. शेवटी त्यानं एक गठ्ठा उचलला. "तात्या, ह्याच वाटू. मला चांगल्या वाटत्यात." सासरे चहा न घेता पायऱ्या उतरले. हळद लागेपर्यंत आपल्या घरात कुणी धड जेवलं नाही. लग्नाला ते आले, पण तुमच्या शेजारी कधी बसले नाहीत. तुमच्या अंत्ययात्रेलासुद्धा लांब, रस्त्याकडेला उभे राहिले.

त्या दिवशी ते गेल्यावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. शाईचा हात, एरवी कुणाला लागू द्यायचा नाहीत. पोरगी आपल्या कामासाठी उभी राहिली असं तुम्हाला वाटलं असणार, आणि शेवटपर्यंत येईल त्याला तुम्ही तेच सांगत राहिलात.

आबा, तेव्हा मला त्या अक्षरांचं काही नव्हतं. सरळ छापली असती तरी चाललं असतं. हा माणूस बापासमोर तोंड उघडतो का, एवढंच मला बघायचं होतं. हे मी त्यालाही सांगितलेलं नाही. तो आता बाहेर कुणाला तरी फोनवर माझ्या अक्षरांचं कौतुक सांगतोय, म्हणून हा कागद मी उशीखाली सरकवते.