काकांनी दिलेला न्याय

फणसवाडी, १९५८

न्यायाधीश अच्युतकाका यांस,

माझ्या लेकीचा, नलूचा ताबा तुम्ही मला दिलात, पण हे पत्र आभाराचं नाही. दर रविवारी तुम्ही माझ्या वडिलांकडे पत्ते खेळायला येता, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. म्हणून माझ्याच वकिलांनी विनवलं, "हा खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्या." तुम्ही हसलात. "माझं मन स्वच्छ आहे," म्हणालात. तुमच्या मनात डोकावायला लोक येणार होते का?

नवऱ्याच्या मारहाणीला साक्षीदार होते. कुणाही परक्यापुढे मी जिंकले असते. आता संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेलेला माझा नवरा लोकांच्या नजरेत बिचारा ठरला.

काल नलूने विचारलं, "आई, आजोबांच्या मित्राने मला तुझ्याकडे दिलं ना?" मी तिला तिच्या बाबांच्या माराचा हातावरचा व्रण दाखवला. तिचा विश्वास बसला नाही.

तुमचा आशीर्वाद नको असलेली,
सरोजिनी

ता. क. हे पत्र टाकणार नाही. टाकलं, तर पत्ते पिसताना तुम्ही तेही हसत वाचून दाखवाल.