कुलपातला खटका

मानवत, १२ डिसेंबर २०२४

ती. मल्लाक्कास धाकट्या कल्याणचा शि. सा. न. वि. वि.

शिव्या ऐकून कान किटले, म्हणून फोन बंद ठेवलाय, पत्र लिहायलोय. काल आपल्या कापसाच्या जिनिंगात कामावरच्या बबिताचा उजवा हात मशीनमध्ये गेला, मनगटापर्यंत. चाळीस माणसं बोंबलायलीत आन् मशीन थांबंना. मशीन बंद करायच्या खटक्याच्या खोलीला कुलूप, किल्ली बाहेरून आणलेल्या मिस्त्रीच्या खिशात आन् मिस्त्री गेलेला चहाला. तो परतताच लोकांनी त्याला पहारीनं कुटलं, दोन्ही पाय मोडले. दोघंबी परभणीला दवाखान्यात हायत.

गावच्यांना काम दिलं, त्याचे हे पांग फेडले! आता सगळे मजूरच बाहेरून आणतो. दाजींना नमस्कार. भावावरची माया आटू देऊ नको.

तुझा,
कल्याण

पालम, १६ डिसेंबर

चि. कल्याणरावास आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. मागच्या येळवशीच्या सणाला शेतात भाज्यांची भज्जी वरपताना तूच हसत सांगितलंस, दुरुस्तीला मशीन उघडायची वेळ आली की गावच्यांना बाहेर काढतो. शिकले तर दुसऱ्याच्या जिनिंगात पळतील, म्हणालास. कुलूपबी तुझ्याच हुकमाचं. मग त्या मिस्त्रीचे पाय कशाला मोडले, तुझे मोडायचे होते! राग येऊ दे, मी थोरली हाय.

कुलूप फोड. गावच्यांना शिकव. पळाले तर पळू दे. पण आधी बबिताच्या दारात जाऊन हात जोड. नीट जेवत जा, बाबा.

तुझी,
मल्लाक्का

मानवत, १८ मार्च २०२५

ती. आक्कास शि. सा. न.

मिस्त्रीचे पाय जुळायची वाट बघत होतो, म्हणून उशीर झाला. बबिता घरी आली त्या दिवशीच तिच्या दारात गेलो. तिचा नवरा राम काठी घेऊनच बाहेर आला. डोक्याला सहा टाके पडले. पोलिसात गेलो न्हाई. तिनंच त्याला आवरलं. म्हणाली, भरपाई तर घेईनच, पण मशीन मला शिकवा. कुलूप मी माझ्या हातानं फोडलं.

आज मिस्त्री कुबड्या टेकत आला. ज्यांनी कुटलं त्यातलेच नऊ जण समोर बसले. कुणी वर बघंना. पहिला धडा एकच, मशीन थांबवायचं. बबिता उठली, डाव्या हातानं खटका पाडला. पट्टे थांबले. मग सरळ माझ्यापुढं आली आन् त्याच हातानं माझ्या थोबाडीत ठेवून दिली, सगळ्यांदेखत.

मी मान खाली घातली. ती परत मशीनपाशी गेली आन् मिस्त्रीला म्हणाली, आता पुढचं सांगा.

गाल अजून झोंबायलाय, आक्का. राग ठेव, पण मायाबी ठेव.

तुझा,
कल्याण