बदलीवर

३ मार्च, सोमवार

आले एकदाची. लालबागची ही खोली तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. खाली मिरच्या भाजण्याचं काम चालू आहे, त्यामुळे सामान चढवताना मी आणि टेम्पोवाला आळीपाळीने शिंकत होतो. शेजारच्या शकूताई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, पंधरा दिवस शिंकाल, मग गावी गेलात की या वासाशिवाय झोप लागणार नाही.

कोल्हापूरच्या शाखेतून लोअर परळच्या ऑफिसात बदली. त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच एकटी राहणार आहे. स्पृहाची बारावीची परीक्षा चालू, म्हणून ती माझ्या बहिणीकडे. दुपारी तिचा मेसेज आला: मावशीला पोळ्या लाटून दिल्या, घरात आता आईची बदली मी. ऑर्डर आल्यापासून हा आमचा विनोद चालू आहे. दूध तापवायचं असो की कपडे वाळत घालायचे, ती सलाम ठोकून म्हणते, बदली हजर आहे.

ट्रंकेतून सगळ्यांत आधी ड्रमच्या स्टिक्स काढल्या. पुण्यात कॉलेजात असताना आमचा थ्रॅश बँड होता. स्पृहा झाली आणि ड्रमसेट देऊन टाकला. मग आम्ही दोघी उशांवर वाजवायचो. ती चार वर्षांची असताना माझ्यापेक्षा नेमकी वाजवायची, पण हे तिला कधी सांगितलं नाही.

५ मार्च, बुधवार

आज वाजवलं. अठरा वर्षांनी, खऱ्या सेटवर.

परळच्या एका डेथ मेटल बँडला ड्रमर हवा होता. बँडचं नाव ‘गंज’. सकाळी सात ते नऊ सराव, कारण नऊनंतर शेजारच्या काचेच्या इमारतीतली ऑफिसं तक्रार करतात. बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात एकच शेड उरली आहे. तिथे पूर्वी साचेखातं होतं, म्हणजे कापड विणायचे माग; मागालाच साचा म्हणायचे.

गेटवर स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कुशाबा. बोलण्यावरून आमच्याच घाटावरचे. कोण म्हणून विचारलं, तर मी गाववाल्याला सांगावं तसं कौतुकाने सांगितलं, कोल्हापूरची, बदलीवर आलेय. ते लगबगीने उठून उभे राहिले. म्हणाले, बरं झालं आलीस, गडी लई दिस उभा हुता. वही पुढे केली, मी नाव लिहिलं, अंबिका सरनाईक. वेळ सात वाजून दहा मिनिटं.

गिटार वाजवणारा आणि गाणारा स्वप्नील तिशीचा. पंजाबी ड्रेस आणि हातात जेवणाचा डबा बघून त्याने अदबीने विचारलं, ताई, मुलगा कुठे आहे तुमचा, पार्किंगला का? मी स्टुलावर बसले आणि डबल पेडल सुरू केलं, दोन्ही पायांनी. दोन मिनिटांनी थांबले तेव्हा तो म्हणाला, च्यायला. मग म्हणाला, सॉरी ताई. मग परत म्हणाला, च्यायला.

७ मार्च, शुक्रवार

गाण्याचं नाव ‘साचा’. स्वप्नीलचे आजोबा याच शेडमध्ये साच्यावर होते. बाकी बँड आधी गिटारचा रिफ लिहितात. यांच्याकडे आधीचा ड्रमर, हेमचंद्र, बीट लिहायचा आणि त्यावर रिफ बसवायचे. सुरुवात थ्रॅशची, धावती. मग ब्लास्ट बीट, दोन्ही हात आणि दोन्ही पाय मिनिटाला दोनशे आठ ठोक्यांच्या वेगाने. त्यावर स्वप्नील पोटातून गुरगुरतो: तार तुटली, जोड. बोट तुटलं, जोड. पाळी सुटली, कुणाची?

एकच अडचण, गाण्याला शेवट नाही. हेमचंद्रने सहा शेवट लिहिले, एकही बसला नाही. मग त्याचे हात गेले, स्वप्नील म्हणाला. म्हणजे काय, ते नीट सांगितलं नाही. २४ तारखेला रेकॉर्डिंग आहे. म्हटलं, शेवट मी लिहिते. किती वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी लिहायला सांगितलं आहे.

९ मार्च, रविवार

सेटमागे हेमचंद्रची वही सापडली. उजव्या हाताला उ, डाव्याला डा. सुरुवातीची पानं सुंदर आहेत, मोकळ्या जागा सोडलेल्या, श्वास घेतलेला. पुढे पुढे जागा बुजत गेल्या आहेत. शेवटची अकरा पानं नुसतं उडाउडाउडाउडा, समासातसुद्धा.

आज एक विचित्र झालं. चार मिनिटांचं गाणं वाजवलं आणि डोळे उघडले तर शेडमध्ये कुणी नाही. स्वप्नील बाहेर चहा पीत होता. म्हणाला, ताई, आम्ही थांबून पाऊण तास झाला, तुमचा सराव चाललाय असं वाटलं.

घड्याळात खरंच साडेनऊ होऊन गेले होते.

स्पृहाला फोनवर हसून सांगितलं. ती म्हणाली, आई, म्हातारी झालीस, मी येते तुझ्या मदतीला.

१२ मार्च, बुधवार

ऑफिसात टेबलाखाली पाय चालू असतात. पलीकडच्या राजेशने आज हळूच विचारलं, मॅडम, काही टेन्शन आहे का, माझा मॉनिटर हलतोय. मी पाय एकमेकांत अडकवून बसले. मग बोटं सुरू झाली.

फोनवर मोजून पाहिलं. दोनशे आठ. न चुकता.

टाचा सुजल्या आहेत. तरी सकाळी पावणेसातला शेडकडे निघताना बरं वाटतं, हेही खरं.

१४ मार्च, शुक्रवार, धूलिवंदन

सुट्टी. शेवटाविषयी विचारायला म्हणून वरळीला बीडीडी चाळीत हेमचंद्रच्या घरी गेले. रंग खेळणाऱ्या पोरांतून वाट काढत. दार त्याच्या बायकोने उघडलं, संघमित्रा. हेमचंद्र झोपला होता. म्हणाली, झोपू द्या, ताई. पाच महिने तो झोपलाच नव्हता. हात पाय गादीवर सारखे चालू. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, हात बांधून ठेवले तर मनगटं सोलवटून निघाली. आणि गेल्या आठवड्यात बुधवारी, पाच तारखेला, सकाळी भांडी घासताना घर एकदम शांत झालं. ती घाबरून आत धावली. तर हा घोरत होता. सांगताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

मी विचारलं, किती वाजता?

सात वाजून दहा मिनिटांनी. तिने घड्याळ पाहिलं होतं, गेला असं वाटून.

निघताना तो जागा झाला. माझ्या पायांकडे बघत राहिला. ते दाराशी उभ्या उभ्या चालूच होते. मग तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाला, मीही एका दिवसासाठीच गेलो होतो. आधीच्या ड्रमरला ताप होता. गेटवर म्हणालो, आज मी बदली.

१६ मार्च, रविवार

कुशाबांना गाठलं. सांगितलं, काका, माझी बदली म्हणजे ऑफिसची, या गावातून त्या गावात. ते ऐकत राहिले. म्हणाले, पोरी, हितं बदली म्हंजी एकच. कायम माणूस आला न्हाई की त्याच्या साच्यावर उभा राहतो तो.

गिरणी बंद झाली त्या दिवशी एक बदलीवाला साच्यावर उभा होता. सगळ्यांना बाहेर काढलं, त्याला कुणी सांगितलं नाही. साचा असा सोडत नाहीत. पुढच्या पाळीचा माणूस येतो, मी बदली म्हणतो, मगच पहिला निघतो. अशी रीत. मी विचारलं, मग त्याचं काय झालं? ते म्हणाले, मग काय. साचा थांबला न्हाई. त्याच्या जागी कुणी ना कुणी येतंय.

मी वही मागितली. हेमचंद्रच्या नावापुढे सुटल्याची वेळ लिहिलेली होती, ७.१०. माझ्या नावापुढचा रकाना रिकामा. मी माझं नाव खोडलं, कागद फाटेपर्यंत. पाय चालूच.

कुशाबा म्हणाले, मी निस्ती नावं घेतो, पोरी. माझ्यावर रागावू नगंस. कुंकवाच्या डबीसारखी ती वही त्यांनी दोन्ही हातांनी मिटली.

१८ मार्च, मंगळवार

शेवट लिहिला. सगळं एका ठोक्यावर तोडायचं आणि मग शांतता. मोजून आठ मात्रा काहीच नाही.

वाजवलं. स्वप्नील थांबला, बेस गिटारवाला थांबला. मी काड्या वर उचलून धरल्या. पाय —

स्वप्नीलला वाटलं, मी मुद्दाम. म्हणाला, ताई, हेच ठेवू, सगळे थांबतात आणि ड्रम चालूच, काटा आला अंगावर. त्याला सांगितलं की मला थांबता येत नाहीये. त्याने माझ्यासाठी केळी आणली.

१९ मार्च, बुधवार

सरावाला गेले नाही. खाटेवर पडून गुडघे दोरीने बांधले. दुपारी शकूताई दार वाजवायला लागल्या, खालच्या मजल्यावर छताचे पापुद्रे पडतायत. दोरी पाहून त्या तेलाची बाटली घेऊन आल्या. पायांना तेल लावून दिलं. त्यांचा हात पायावर असतानाही — त्यांनी हात काढून घेतला.

शेडमध्ये निदान दुखत नाही. साच्यावर असलं की दुखत नाही. सेटवर लिहायचं होतं. साच्यावर लिहिलं गेलं.

२० मार्च, गुरुवार

स्पृहाचा मेसेज. पेपर संपले, रविवारी सकाळी येते, थेट शेडवरच, माझ्या स्टिक्स आणतेय.

फोन केला, येऊ नकोस. का? घर लहान आहे. आई, मी काय हत्ती आहे? येऊ नकोस म्हटलं ना.  ती म्हणाली, तुला मी नको झालेय का तिकडे.

नाही गं. नाही.

२१ मार्च

रजा. सकाळपासून शेडमध्ये. डाव्या हाताने लिहिते, उजवा —

आठवलं. आमचा विनोद. सलाम ठोकून काय म्हणते ती.

फोन लावला. गेटवर बोलू नकोस. कुणी विचारलं तर बोलू नकोस. ती म्हणाली, आई, तुझं काहीच ऐकू येत नाहीये, किती जोरात वाजवतेस. मग खूश होऊन म्हणाली, भारी वाजवतेस पण.

२२ मार्च

बहिणीला मेसेज. अडव तिला. उत्तर: गाडीत बसली कधीच. तुझेच लाड हे.

टाचेतून रक्त. पेडल निसटत नाही तरी.

ती आली तर मी झोपेन. हेमचंद्रसारखी, भिंतीकडे तोंड करून. घर एकदम शांत.

हे मी का लिहिलं

२३ मार्च, रविवार

दाराला आतून कडी. स्वप्नीलने घातली, खिडकीतून गेला. त्याला म्हटलं, कुणालाही आत घेऊ नकोस. तो रडत होता. कळलंय त्याला आता. गेटवर थांबतो म्हणाला, तिला परत पाठवतो.

फोन खुर्चीवर. हात पोचत नाही. मी उठू —

शेवट सापडला. सोपा होता. साचा द्यायचाच नाही. कुणालाच. मी कायम. बदली नाही, कायम. ही माझीच पाळी. असं मनात म्हटलं की वेग थोडा — दोनशे सात. दोनशे सहा. खरंच. स्पृहा, दोनशे चार

चप्पल वाजतेय. आवारात. ती चालतेच तशी, फटक फटक.

स्वप्नील बोलतोय तिच्याशी. आई बरी आहे का, विचारतेय. तो नीट सांगत नाही. सांग ना रे. परत जा म्हण

एकशे नव्वद

कुशाबांचं स्टूल सरकलं. विचारतायत. कोण?

हसली. नको, बाळा. मी कायम आहे मी काय

सलाम ठोकला असणार. बद