चपला पायरीवरच होत्या

नोएडा, सेक्टर २२
दि. २४ ऑक्टोबर १९९६

ती. द्वारकाताईस,
धाकट्या मारुतीचा शि. सा. न. वि. वि.

आई सुखरूप आहे. हे आधीच लिहितो, कारण पुढचे वाचताना तुझा जीव खालीवर होईल. आई म्हणाली, द्वारकेला कळवू नकोस. पण लपवून मला जेवण जात नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत तिला दिल्लीतली लोदी बाग दाखवायला नेले. जुन्या बादशहांच्या कबरी, मोठाले घुमट, हिरवळ. आमच्या टीव्हीच्या कारखान्यातले सगळे म्हणतात, बघण्यासारखी आहे. पहिल्याच घुमटापाशी आईने पायरीवर चपला काढल्या, आपल्याकडे समाधीपुढे काढतात तशा. मी म्हटले, इथे काढत नाहीत. ती म्हणाली, कुणाचा का असेना, माणूस निजलाय आत. मी बाहेर पाटी वाचत राहिलो. माझी खोड तुला माहीत आहे, नववीत शाळा सुटली तेव्हापासून एकही पाटी अर्धी सोडत नाही. चपला पायरीवर दिसत होत्या, म्हणून निर्धास्त होतो. पण त्या इमारतीला चहूकडून कमानी आहेत. आई पलीकडून अनवाणीच उतरून गेली होती.

सव्वा तास, ताई. हातात चपला घेऊन दिसेल त्याला विचारत होतो. फिरायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, यार, हाथ क्यों नहीं पकड़ा?

शेवटी जुन्या पुलापलीकडे सापडली. बागेतल्या कामकरी बायांबरोबर वाफ्यातले तण उपटत बसली होती. मला पाहून म्हणाली, "किती उशीर केलास. तुझे अण्णा जेवायचे खोळंबलेत."

अण्णांना जाऊन दोन वर्षे झाली. बसमध्ये ती पुन्हा नीट बोलू लागली. उन्हाने झाले असेल का?

मला हे झेपणार नाही. खोली एकच, पाळी दर आठवड्याला बदलते. दाजी दिवाळीला तिला परत तुमच्याकडे न्यायला येणारच आहेत, त्यांना आधीच पाठव. रागावलीस तरी दोन ओळी टाक.

तुझा,
मारुती


विटा
दि. २ नोव्हेंबर १९९६

चि. मारुतीस ताईचे अनेक आशीर्वाद.

रागावायला तोंड नाही मला. उन्हाने नाही रे. आषाढापासून असेच चालले आहे. एकदा एकटीच एसटीत बसून कऱ्हाडला गेली, कंडक्टरने परत आणून सोडले. तेव्हापासून सासूबाईंनी तिच्या खोलीला बाहेरून कडी घालायला लावली. मी घातली. आतून ती, कोणी आहे का, असे विचारत राहायची आणि मी भाकऱ्या थापत राहायचे.

तुला आधी सांगितले असते तर तू घाबरला असतास. म्हणून दिल्ली बघायला पाठवते असे लिहिले. दिवाळीला हे न्यायला येणार, तेही खोटेच. तू नाही म्हणालास तर मात्र येतील. पण इथे आल्यावर पुन्हा तेच होईल.

पाटी वाचत उभा राहिलास हे वाचून आधी हसू आले. या बहिणीला परकी करू नकोस.

तुझी,
द्वारकाताई


नोएडा
दि. ९ नोव्हेंबर १९९६

ती. द्वारकाताईस शि. सा. न.

दोन दिवस तुझा राग आला होता. आता नाही. दाजींना पाठवू नकोस. सुपरवायझरना सगळे सांगितले, त्यांनी कायमची दिवसपाळी दिली. वरच्या घरमालकीणबाई दिवसभर आईजवळ बसतात. म्हणाल्या, बिल्कुल चिंता मत करो. चिंता होतेच. कामावर असताना ती भर रस्त्यात उभी आहे असेच दिसत राहते. पदराच्या आतून पत्ता शिवला आहे, मराठीत आणि हिंदीत. तीनदा तपासला. यंदा भाऊबीजेला येणे होणार नाही, तिथूनच ओवाळ.

काल संध्याकाळी घरी आलो तर तिने मला ओळखले नाही. पाणी दिले, बस म्हणाली. मग विचारले, बाळा, तुझे इथे कोणी आहे का?

मी म्हटले, आई आहे.

"मग तिला एकटी टाकून हिंडत जाऊ नकोस," म्हणाली.

तुझा,
मारुती